देखावा आणि माळ

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत पाचवीच्या मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले तर कागदावर काय उतरेल, हे आपण न पाहता सांगू शकतो. दोन-तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेत अर्धा सूर्य, डोंगरातून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंदावत येणारी नदी, काठावर कौलारू घर, घराशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. चिपळूणचे मूल हेच चित्र काढते आणि मंगळवेढ्याचे मूलही हेच काढते. मंगळवेढ्याच्या शाळेबाहेर काळ्या मातीचे सपाट शिवार आहे, ज्वारी आहे, बांधावर बाभळी आहेत. त्रिकोणी डोंगर तिथे नाही. तरीही ‘निसर्ग’ हा शब्द कानावर पडताच मुलाचा हात डोंगराकडे वळतो. खिडकीबाहेर जे दिसते ते रान, शिवार, माळ. निसर्ग म्हणजे दुसरे काहीतरी, दुसरीकडचे.

या चित्राची आपण थट्टा करतो आणि दोष चित्रकलेच्या तासाला देतो. मला मात्र ते चित्र एक पुरावा वाटते. निसर्ग आधी दिसतो आणि चित्र मागाहून येते, असा आपला समज असतो. निदान गेल्या तीन-चार शतकांत अनेकदा उलटे घडले आहे. आधी चित्र आले, चित्राने नजर घडवली, आणि त्या नजरेला जे चित्रासारखे दिसले त्याला निसर्ग हे नाव मिळाले. जे चित्रात बसले नाही त्याचे काय झाले, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे. ते केवळ कुरूप ठरले असते तर फार बिघडले नसते. ते रिकामे ठरले.

सुरुवात शब्दांपासून करू. लँडस्केपसाठी मराठीत ‘निसर्गचित्र’ हा शब्द रुळण्याआधीपासून ‘देखावा’ हा शब्द आहे, आणि तो अजून गेलेला नाही. सूर्यास्ताचा देखावा असतो, गणेशोत्सवातल्या मंडळाचा देखावा असतो, आणि आत काही नसताना बाहेरून केलेला ‘नुसता देखावा’ही असतो. तिन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे: समोर कुणीतरी पाहणारा उभा आहे आणि जे आहे ते त्याच्यासाठी मांडलेले आहे. पाहणारा निघून गेला की देखावा संपतो. जमीन तिथेच राहते.

इंग्रजीतल्या ‘लँडस्केप’ या शब्दाची कुळकथाही अशीच बोलकी आहे. डच भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ प्रदेश, मुलूख असा होता. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला तो चित्रकारांची संज्ञा म्हणून. म्हणजे इंग्रजी माणसासाठी लँडस्केप हे आधी भिंतीवर टांगायचे चित्र होते. त्या चित्रासारख्या दिसणाऱ्या खऱ्या भूभागाला तोच शब्द लावण्याची रीत त्यानंतरची.

हे चित्र कसले होते? अठराव्या शतकातल्या इंग्रज रसिकाच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने क्लोद लोरँ असे. सतराव्या शतकात रोममध्ये राहून काम करणाऱ्या या चित्रकाराने एक रचना पक्की केली. दोन्ही बाजूंना, रंगमंचाच्या विंगांसारखी, गडद झाडे. मध्ये पाण्याचा तुकडा, एखादा पूल किंवा भग्न वास्तू. मागे निळसर होत जाणाऱ्या टेकड्या आणि त्यांच्यापलीकडे उजळ क्षितिज. नजर अंधारातून प्रकाशाकडे, जवळून दूरकडे अलगद नेली जाते. ही रचना इतकी लाडकी झाली की इंग्लंडमध्ये ‘क्लोद काच’ नावाचा लहानसा आरसा निघाला. आरसा किंचित फुगीर, काळपट काचेचा. प्रवाशाने सुंदर ठिकाणी जायचे, त्या ठिकाणाकडे पाठ करायची आणि आरशात पाहायचे. आरशातले दृश्य लहान, चौकटबंद आणि जुन्या तैलचित्रासारखे मंद छटांचे दिसे. कवी टॉमस ग्रे १७६९ साली इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात असा आरसा घेऊन हिंडला. आरसा उघडा हातात असताना तो चिखलाच्या वाटेवर उताणा पडला आणि त्याची बोटे सोलवटली, असे त्यानेच आपल्या प्रवासाच्या नोंदींत लिहून ठेवले आहे. निसर्गाकडे पाठ करून निसर्ग पाहणारा हा माणूस हास्यास्पद वाटतो खरा. पण सज्जनगडावर दरीकडे पाठ करून मोबाइलच्या पडद्यात दरी पाहणारे आपण त्याचेच वंशज आहोत.

आरशाने केले ते काम विल्यम गिल्पिन या धर्मोपदेशकाने पुस्तकांतून केले. वाय नदीच्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १७८२ साली आले. नदीकाठच्या जागा चित्राच्या नियमांनी कशा तपासाव्यात, हे त्यात तो शिकवतो. टिंटर्नच्या पडक्या मठाच्या त्रिकोणी भिंती त्याला फार सरळ वाटल्या. एखाद्याने जपून हातोडा चालवला तर बरे होईल, असे त्याने सुचवले. गिल्पिनचे आणखी एक मत माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. नीतीच्या अंगाने पाहिले तर कष्ट करणारा कारागीर भला वाटतो. पण चित्राच्या अंगाने पाहायचे तर काठीवर रेलून उभा असलेला आळशी गुराखीच हवा, असे तो म्हणतो. नांगरलेले, बांध घातलेले शेतही त्याला चित्रात नको होते. माणूस चालेल, पण काम करताना नको. जमीन चालेल, पण पिकताना नको.

हा योगायोग नव्हता. गेन्सबरोने १७५०च्या सुमारास रंगवलेले ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’ हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डावीकडे ओकच्या झाडाखाली जमीनदार दांपत्य, उजवीकडे त्यांचे विस्तीर्ण शेत. कापणी होऊन पेंढ्या बांधलेल्या दिसतात. त्या बांधणारा एकही माणूस दिसत नाही. जॉन बर्जर यांनी १९७२ साली या चित्राकडे मालकीच्या नजरेने पाहायला शिकवले. जॉन बॅरेल यांनी १९८० साली आलेल्या ‘द डार्क साइड ऑफ द लँडस्केप’ या पुस्तकात इंग्रजी निसर्गचित्रांतला गरीब माणूस कुठे उभा केला जातो आणि कसा सावलीत ढकलला जातो, याचा सविस्तर माग काढला. या मांडण्यांना मला एक पुस्ती जोडायची आहे. चौकटीबाहेर केवळ माणूस जात नाही. काही प्रकारची जमीनच बाहेर जाते. त्यासाठी ही नजर आपल्याकडे कशी आली, ते पाहावे लागेल.

टॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७८६ साली कलकत्त्याला उतरले. कॅमेरा ऑब्स्क्युराच्या मदतीने रेखाटने करीत ते देशभर हिंडले आणि परत गेल्यावर १७९५ ते १८०८ या काळात ‘ओरिएंटल सीनरी’ या मालिकेतून त्यांनी १४४ चित्रे छापली. मुंबईत त्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी पडली. हा वेल्स पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने राहिला आणि सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची चित्रे त्याने रंगवली. त्याची वेरूळची रेखाटने त्याच्या मृत्यूनंतर डॅनियलनीच प्रकाशित केली. वेल्सबरोबर काम करणारा पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट यानेही लेण्यांची रेखाटने केली. म्हणजे पेशवाई चालू असतानाच या मुलखाचे डोंगर, किनारे आणि लेणी इंग्रजी चित्राच्या चौकटीत बसू लागली होती. मुंबई बेटाचे वेल्सने १७९१-९२ मध्ये घेतलेले बारा देखावे १८०० साली पुस्तकरूपाने आले.

चित्रे मूठभर लोकांनी पाहिली असतील. पण ती नजर जमिनीवरच कोरली गेली आणि तिथे ती आजही रोज हजारो माणसे वापरतात. तिचे नाव ‘पॉइंट’. सरोवर प्रदेशाच्या १७७८च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात टॉमस वेस्टने प्रवाशाने नेमके कुठे उभे राहावे याची ठाणी सांगितली होती: इथे थांबा, असे वळा, म्हणजे चित्र जुळून येईल. महाबळेश्वर आणि माथेरान ही अशा ठाण्यांचीच गावे आहेत. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८च्या सुमारास, महाबळेश्वरची वसाहत उभी राहिली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५०मध्ये माथेरानवर चढले. त्यानंतर कड्याच्या प्रत्येक टोकाला एकेका साहेबाचे किंवा त्याच्या आप्ताचे नाव मिळत गेले: एल्फिन्स्टन, लॉडविक, कारनॅक, फॉकलंड, लुईझा. सिंदोळ्याचा विल्सन पॉइंट झाला, नाके खिंडीचा केट्स पॉइंट झाला. जुनी नावे वापराची होती. खिंड म्हटले की तिथून वाट जाते हे कळते. पॉइंटवरून वाट कुठेच जात नाही. तिथे रस्ता संपतो, कठडा सुरू होतो आणि माणसाने फक्त पाहायचे असते.

माथेरानचा पॅनोरामा पॉइंट तर माझ्या म्हणण्याचा उघड साक्षीदार आहे. ‘पॅनोरामा’ हे एका चित्रप्रकाराचे नाव. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली गोलाकार इमारतीच्या आतल्या भिंतीवर सलग चित्र लावण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. मधल्या चौथऱ्यावर उभे राहून लोक तिकीट काढून ते चित्र चहूबाजूंनी पाहत. या खेळासाठी हा शब्द घडवला गेला. पुढे तो खऱ्या डोंगरमाथ्याला लागला. पॅनोरामा पॉइंटवर पहाटे उभे राहून ‘अगदी चित्रासारखे’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण उपमा देत नसतो. त्या जागेचा इतिहासच बोलून दाखवत असतो.

याच महाबळेश्वरच्या पठारावर पाहण्याची दुसरीही एक रीत शिल्लक आहे. आर्थर सीटकडे जाताना वाटेत क्षेत्र महाबळेश्वर लागते. तिथल्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या नद्यांचे उगम मानले जातात. दगडी गोमुखातून पाणी पडते. देखावा म्हणून तिथे काही नाही. छत ठेंगणे, उजेड कमी. भाविक ते पाणी ओंजळीत घेतो, तोंडाला लावतो, बाटलीत भरतो. काही किलोमीटर पुढे, आर्थर सीटवर, तोच माणूस कठड्याला टेकून सावित्रीचे खोरे पाहतो. नदी एकच. एका ठिकाणी ती हाताला लागते, दुसऱ्या ठिकाणी ती दूर असते म्हणूनच सुंदर असते. तीर्थाची नजर निर्मळ आणि पॉइंटची खोटी, असे मला सुचवायचे नाही. तीर्थांचे पाणी आपण काय करून ठेवले आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. एवढेच म्हणायचे आहे की दूर उभे राहून पाहणे ही निसर्ग अनुभवण्याची एकमेव रीत नव्हे, आणि ती सनातनही नव्हे.

मराठी साहित्याचा वाचक हे ताडून पाहू शकतो. महाराष्ट्री प्राकृतातली ‘गाथासप्तशती’ घ्या. गोदाकाठ, पावसाळा, शेते, सगळे तिच्यात आहे. पण देखावा क्वचितच. शेत कापणीला आले की गाथेतली नायिका खंतावते, कारण उभ्या पिकातली भेटीची जागा जाणार. तिथे पीक म्हणजे पीक, राखण म्हणजे राखण. जमीन कुणाच्या तरी कामाची, भीतीची, भेटीची आहे.

आता बालकवींची ‘औदुंबर’. आठ ओळींची ही कविता आपण प्रतीकांसाठी इतकी वाचली आहे की तिची रचना निरखायची राहून जाते. दोन्ही काठांच्या हिरवाईतून येणारा झरा, पलीकडच्या टेकडीजवळ इवलेसे गाव, पुढे दाट शेते, त्यांतून नागमोडी गेलेली पांढरी वाट. दूरचे, मधले, जवळचे. निळा, हिरवा, पांढरा, काळा. चित्रकार नजर आत नेण्यासाठी वाटेचा उपयोग करतात, तसाच इथे पायवाटेचा केला आहे. ती आपल्याला डोहापाशी नेऊन सोडते. गाव आहे, पण माणूस नाही; शेते आहेत, पण त्यांत कुणी राबत नाही. बालकवींनी क्लोदची चित्रे पाहिली होती असा माझा दावा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ही मांडणी मराठी संवेदनेत इतकी मुरली होती की खानदेशात वाढलेल्या कवीला ती सहज सुचावी, एवढेच मी म्हणतो. मात्र बालकवी तिथे थांबत नाहीत. डोहापाशी अंधारते, अंतर नाहीसे होते, आणि पाण्यात पाय सोडून बसलेले झाड भेटते. सगळ्या दृश्यात माणसासारखे वागणारे ते एकटेच. देखावा रचून कवितेने शेवटी तो काळोखात बुडवला. या कवितेची ताकद मला तिथे दिसते.

इथे एक रास्त आक्षेप येईल. चौकटीशिवाय पाहणे शक्य तरी आहे का, आणि चौकटीने काही वाचवलेच नाही का? वाचवले. टॉमस मोरान हा चित्रकार १८७१ साली हेडनच्या सर्वेक्षण तुकडीबरोबर यलोस्टोनला गेला. त्याची जलरंगातली चित्रे आणि विल्यम हेन्री जॅक्सनची छायाचित्रे वॉशिंग्टनमध्ये दाखवली गेली, आणि मार्च १८७२मध्ये यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले. मोरानचे त्या दरीचे भव्य तैलचित्र अमेरिकन काँग्रेसने त्याच वर्षी १०,००० डॉलरना विकत घेतले. चित्राने जंगल वाचवल्याचे याहून ठळक उदाहरण नसेल. पण ज्या शोशोन लोकांची ती शिकारीची भूमी होती, त्यांना पुढच्या काही वर्षांतच उद्यानाबाहेर घालवण्यात आले. जे चित्रात शोभले ते राखले गेले, चित्रात ज्यांना जागा नव्हती ते जमिनीवरूनही गेले. म्हणून चित्र निसर्ग वाचवते का, एवढे विचारून भागत नाही. कोणता निसर्ग आणि कोणासाठी, हेही विचारावे लागते.

हा प्रश्न आपल्याकडे माळाच्या वाट्याला आला आहे. दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात गवताळ माळ हीच जमिनीची नैसर्गिक अवस्था आहे. धनगराला त्यातले शेडा, पवना, मारवेल, कुसळी वेगवेगळे दिसतात. कोणते केव्हा चारायचे ते कळते. सरकारी कागदात ते पडीक, आणि २०००पासून निघणाऱ्या वेस्टलँड्स ॲटलासच्या भाषेत मोठ्या प्रमाणावर ‘वेस्टलँड’. माळाला डोंगर नाही, पाण्याचा तुकडा नाही, कडेची झाडे नाहीत. क्लोदच्या चौकटीत त्याचे काय ठेवणार? मग त्याला सुधारण्याची इच्छा होते, आणि सुधारणा म्हणजे झाडे लावणे. राज्यात २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट होते. खड्डे कुठे खणायचे म्हटले की बोट आधी मोकळ्या माळाकडे जाते. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९चे. माळढोकाला उघडे रान लागते, दूरवर दिसावे लागते. दाट झाडी त्याच्या कामाची नाही. तो पक्षी आता तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. शिकार, शेतीचा विस्तार, विजेच्या तारा अशी त्याची कारणे अनेक आहेत. पण गवताला निसर्ग न मानणारी नजर या सगळ्या कारणांना वाट करून देते.

साताऱ्याजवळची दोन पठारे शेजारी ठेवून पाहा. कास पठार २०१२पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आहे. पावसाळ्याच्या शेवटी काही आठवडे ते फुलांनी भरते, म्हणजे चित्र होते. चाळकेवाडीचे पठारही तशाच जांभ्याचे, पण तिथे पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. वारा होता म्हणून त्या तिथे आल्या, हे उघड आहे. पण एका पठाराबद्दल ‘इथे काय काय आहे’ असे आपण विचारले आणि दुसऱ्याबद्दल ‘इथे तरी काय आहे’ असे म्हणालो, हा फरक वाऱ्याचा नाही. कासलाही उन्हाळ्यात कुणी निसर्ग म्हणत नाही.

मग चित्रकाराकडून काय मागायचे? आपल्या परंपरेत दुसऱ्या वाटा आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरात परतले आणि घराजवळचे कोटीतीर्थ पुनःपुन्हा रंगवीत राहिले. नवा पॉइंट शोधण्याऐवजी त्यांनी एकाच तळ्याची बदलती वेळ, उजेड, ओल पाहिली. तिथे अंतराची जागा सहवासाने घेतली. अलीकडे सुधीर पटवर्धनांनी ठाणे-उल्हासनगरच्या परिसराची चित्रे काढली. त्यांत टेकडी आहे आणि टेकडी खाणारी वस्तीही आहे. पाहणारा एका जागी स्थिर राहत नाही, आणि काम करणारी माणसे चौकटीबाहेर जात नाहीत. या चित्रांना कुणी देखावा म्हणणार नाही. निसर्गचित्र मात्र म्हणावे, असा माझा आग्रह आहे.

कोकणच्या सड्यांवर तर याहून जुना धडा पडून आहे. जांभ्याचे हे उघडे कातळ चिरेखाणीपुरतेच उपयोगी, असा समज होता. त्यांच्यावर शेकडो कातळशिल्पे निघाली. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीच्या सड्यावर प्रचंड हत्ती कोरलेला आहे, इतरत्र मासे आहेत, गेंडेही आहेत. या चित्रांना क्षितिज नाही, चौकट नाही. ती समोर टांगलेली नाहीत, पायाखाली आहेत. ती पाहायची तर त्यांच्याभोवती फिरावे लागते, खाली वाकावे लागते, गवत बाजूला सारावे लागते. ज्या जमिनीला आपण रिकामी म्हणत होतो, तिच्यावर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी उकिडवे बसून चित्र काढले होते. सड्याचा सातबारा पाहिलात तर तिथे आजही बहुधा पोटखराबाच लिहिलेले सापडेल.